चालती करा, चकचकीत नको



या आठवड्यात पिकावर लिहिण्यासारखं फार काही नाही. पावसानं उघडीप दिलेली नाही, वाफसा नाही, रानात पाय टाकला की घोट्यापर्यंत चिखल. सोयाबीन पिवळं पडायला लागलंय, ते सगळ्यांचंच. तेव्हा आज जरा वेगळा विषय घेतो. वरवर बघितलं तर तो सायकलीचा वाटेल, पण खाली जाईपर्यंत शेतीच्या अवजारापर्यंत येतो. दम धरून वाचा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. गोठ्याच्या आढ्याला, पत्र्याच्या शेडमागं, कडब्याच्या गंजीखाली ज्या जुन्या लोखंडी सायकली पडल्यात त्या भंगारात घालू नका. आणि नीट करायला घेतलीच तर शोभेची वस्तू करू नका. चालती करा आणि वापरा.

आमच्या घरची सायकल हर्क्युलस. वडिलांनी डेअरीला दूध घालायला घेतली होती, दोन्ही बाजूला कॅन आणि मागं वैरणीचा भारा. गेली बारा-तेरा वर्षं गोठ्यात उभी. भंगारवाला दर महिन्याला दारात येऊन तिच्याकडं बघून जायचा. किलोला २८ रुपये म्हणाला. वजन भरलं वीस किलोच्या आसपास, म्हणजे साडेपाचशे-पावणेसहाशे रुपये. एवढ्या पैशात फवारणीच्या औषधाची एक बाटली येत नाही हल्ली.

ही सायकल आली कुठून ते जरा बघा. मद्रासजवळ अंबत्तूरला १९४९ साली टी. आय. सायकल्सचा कारखाना इंग्रज कंपनीच्या भागीदारीत उभा राहिला, तिथं हर्क्युलस बनायला लागली. त्याच सुमारास बंगालात आसनसोलजवळ सेन-रॅलेचा कारखाना आला. १९५१ ला सोनिपतला अ‍ॅटलस, १९५६ ला लुधियानाला हिरो. आपल्या मुंबईत वरळीला हिंद सायकलचा कारखाना तर स्वातंत्र्याच्याही आधीचा. देश नुकता स्वतंत्र झालेला, आणि खेड्यातल्या माणसाला दहा-पंधरा किलोमीटर चालायला लागू नये म्हणून एवढे कारखाने उभे राहिले. त्यातल्या अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला तो ३ जून २०२० ला. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता, हे विशेष.

आता दुरुस्तीचं बोलू.

ही सायकल उघडायला मला काय काय लागलं? दोन पाने, एक पक्कड, एक पेचकस, हातोडी आणि स्पोकच्या निपलची चावी. बस्स. एकही भाग चिकटवून बंद केलेला नाही, एकही रिबीट मारून बुजवलेला नाही. चाकाचा आस, दोन बाजूला दोन कोन, कोनाखाली छर्रे, छर्र्यांखाली कप. माझ्या सायकलीत पुढच्या चाकात एका बाजूला १० छर्रे, मागच्या चाकात ९, पायडलच्या मधल्या कपात ११. नुसते मोजले तरी कळतं की कुठला छर्रा पडला. पंधरा वर्षांच्या पोरालाही एका दुपारी समजेल असं हे यंत्र आहे, आणि तरी ते माणसाला चालण्याच्या तिप्पट-चौपट वेगानं नेतं. पुढं ४४ दात, मागं १८. म्हणजे पायडलचा एक फेरा मारला की मागचं चाक अडीच फेऱ्यांच्या जरा आत फिरतं आणि सायकल साडेपाच मीटरच्या जवळपास पुढं जाते. उसाच्या साडेचार फुटी पट्ट्यात चार सऱ्या ओलांडल्या समजा.

ज्यांना घरी करायचंय त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी.

एक. उघडताना घाई नको. सायकल उलटी उभी करून सगळ्या नटांना आदल्या रात्री तेल पाजून ठेवा. प्रत्येक भाग काढला की मोबाईलवर फोटो, आणि वेगळ्या वाटीत. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, तो सोडवताना उलट्या बाजूला फिरवायचा. जोर लावत बसलात तर आवळत जाईल.

दोन. क्रँकची कोटरपिन काढताना क्रँकच्या खाली जाड पाइपाचा तुकडा टेकवा आणि मगच हातोडी मारा. आधार नसेल तर सगळा धक्का कपातल्या छर्र्यांवर जातो. नट पूर्ण काढून मारू नका, पिनेच्या टोकाशी बरोबर ठेवून मारा, म्हणजे आटे वाचतात. नव्या पिना बसवताना दोघींची तोंडं एकमेकींच्या उलट हवीत, नाहीतर पायडल एका रेषेत येत नाहीत आणि सायकल लंगडल्यासारखी चालते.

तीन. छर्रे बदलायचे तर त्या जागेचे सगळे बदला. जुन्यात नवे मिसळले की ओझं नव्यावर येतं. कप आणि कोनावर खड्डे पडलेत का ते नखानं चाचपून बघा. खड्डा असेल तर नुसतं ग्रीस भरून उपयोग नाही. आमच्याकडं या सगळ्या कामाला ‘ओव्हरऑइलिंग’ म्हणतात. शब्द मुळात ओव्हरहॉलिंग आहे, पण आपल्या लोकांनी त्यात तेल घालून तो जास्त समजेल असा केलाय.

चार. चाकाची आऊट. पुढं ३२ स्पोक, मागं ४०. मागं जास्त, कारण ओझं मागं. चिमट्याला खडूचा तुकडा बांधून चाक फिरवायचं. जिथं खडू लागेल तिथं त्या बाजूचा स्पोक पाव फेरा सैल, समोरच्या बाजूचा पाव फेरा आवळा. पाव फेऱ्याच्या वर जायचं नाही. या सायकलींचा सळईचा ब्रेक रिमला आतून वर ओढला जातो. म्हणून चाक बाजूला डुलतंय का एवढंच बघून भागत नाही, वरखाली उडतंय का तेही बघायचं. उडत्या चाकाला ब्रेक धक्के देत लागतो.

आता रंगाचं. इथं माझं बऱ्याच जणांशी पटत नाही.

हल्ली जुनी सायकल म्हटलं की लोक ती घासून पांढरी करतात, गाडीच्या गॅरेजात स्प्रे मारतात, लाल-निळी करतात, नवीन स्टिकर लावतात आणि हॉटेलच्या दारात फुलांची टोपली घालून उभी करतात. खर्च पंधरा-वीस हजार, चालवायची शून्य. मला हे पटत नाही, आणि यात नुसती आवड-निवड नाही. कारखान्यातला तो काळा रंग भट्टीत भाजून पक्का केलेला असतो. धूळ, शेण आणि जुनं ग्रीस डिझेलच्या फडक्यानं पुसलं की खालून तो अजून काळाभोर निघतो, सोनेरी रेघही दिसते. गॅरेजचा स्प्रे दोन पावसाळ्यांत पापुद्रे टाकतो. शिवाय जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरात, ओट्यावर पॉलिश पेपर घेऊन कोरडं घासत बसलात तर ती धूळ लेकरांच्या पोटात जाते. तेव्हा जिथं रंग उडालाय आणि गंज धरलाय तेवढीच जागा ओली करून घासा, ब्रशनं रंग लावा. उघड्या लोखंडावर उकळलेल्या जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. जवस वाळला की त्याची पातळ साय धरते आणि पाणी लोखंडाला लागत नाही. हँडल आणि रिमचा गंज काढायला स्वयंपाकघरातला चांदीचा कागद पाण्यात बुडवून चोळा. कागद क्रोमपेक्षा मऊ, म्हणून ओरखडे पडत नाहीत, आणि गंज निघून येतो. कातडी सीट वाळून पापडासारखी झाली असेल तर खालचा नट आवळू नका. आधी कातड्याला तेल पाजा, चार दिवस जाऊ द्या, मग बघा. नाहीतर मधोमध फाटणार.

दुर्मिळ सायकल असेल तर गोष्ट वेगळी. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे सायकल म्युझियम आहे, तिथं जाऊन या, पोरांना न्या. अशा सायकली तशा जागीच शोभतात आणि तिथं त्यांची नीट निगा राहते. पण आपल्या गोठ्यातली सायकल म्युझियमची नाही. तिच्यासारख्या लाखो निघाल्या. तिचा मान चालण्यात आहे.

खर्च सगळा मांडतो, म्हणजे कुणी म्हणायला नको की हौसेला मोल नसतं. दोन टायर-ट्यूब ९००, चेन १८०, छर्रे आणि ग्रीस १६०, ब्रेकचे रबर ८०, सहा स्पोक ६०, कोटरपिना ४०, जवसाचं तेल १००, आणि चाकाची आऊट काढून घेतली त्याची मजुरी ३००. एकूण १,८२० रुपये. माझे स्वतःचे चार दिवस धरलेले नाहीत, कारण ते चार दिवस पावसामुळं रिकामेच होते. नवी साधी सायकल आज पाच-सहा हजारांच्या खाली येत नाही. हिशेब तुम्हीच करा.

यावर लोक तीन गोष्टी बोलतात.

पहिली, पार्ट मिळत नाहीत. हे खरं नाही. ही २८ इंची चाकाची काळी सायकल सत्तर वर्षांत फारशी बदललीच नाही. कोटरपिना, कोन, छर्रे, टायर, वॉल्वट्यूबची रबरी नळी, सगळं तालुक्याला मिळतं, कारण लुधियानात ते अजून बनतं. उलट दहा वर्षांपूर्वीच्या गिअरच्या सायकलीचे पार्ट शोधून दाखवा.

दुसरी, गाडी असताना सायकल कशाला. मळा दीड किलोमीटरवर आहे. दिवसातून तीनदा मोटर चालू-बंद करायला मोटरसायकलला किक मारायची, याला मी सोय म्हणत नाही, सवय म्हणतो. जिथं लांब जायचंय तिथं गाडी आहेच. आणि एक खरं सांगतो, या सायकलीचे लोखंडी रिम पावसात भिजले की ब्रेक अर्ध्यावर येतो. उतारावर आणि हायवेवर ती नेऊ नका. मळा, शाळा, डेअरी, बाजार, एवढं तिचं शिवार.

तिसरी गोष्ट कुणी तोंडावर बोलत नाही, पण मनात असते. सायकल म्हंजे गरिबी. वडील सायकलवर दूध घालायचे, आपण कशाला? या माणसांना मी नावं ठेवत नाही. ज्यानं वीस वर्षं भार वाहिलाय त्याला ते लोखंड डोळ्यासमोर नको वाटतं, हे मला समजतं. पण सायकलीनं आपल्याला गरीब केलं नाही. तिच्यावरच्या कॅनमधल्या दुधानं आमच्या घरच्या दोन पोरींची शिक्षणं केली.

आणि हो, सगळ्याच सायकली वाचवायच्या असं मी म्हणत नाही. नळीला लगजवळ तडा गेला असेल, चिमटा वाकून मुरडला असेल, तर ओझं घालायला ती धोक्याची. तडा छोटा असेल तर गॅसवर पितळेची झाळ मारून घेता येते. साधं करंटचं वेल्डिंग पातळ नळी जाळून टाकतं. तेही जमत नसेल तर तिचं सायकल कोळपं करा. पुढचं चाक, हँडल आणि खाली कोळप्याची पास, एका माणसानं भुईमुगात फिरवायचं. हा शोध कुठल्या विद्यापीठानं गावात आणून दिला की गावानं स्वतःच लावला यावर वाद घाला, पण जुन्या सायकलीचा यापेक्षा चांगला शेवट मला माहीत नाही.

आता येतो अवजारावर.

सायकल आणि शेती यांचं नातं आपल्या भागात फार जुनं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सुरुवात केली ती सायकलीच्या दुकानानं. त्याच हातांनी पुढं कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर केला, आणि १९१० ला कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आणि ज्या साली बेळगावात ते दुकान निघालं त्याच १८८८ साली तिकडं बेलफास्टमध्ये जॉन डनलॉप नावाच्या माणसानं हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. हा डनलॉप कोण? जनावरांचा डॉक्टर! पोराची तीनचाकी खडबडीत रस्त्यावर आपटते म्हणून त्यानं चाकाला रबराची हवा भरलेली नळी बसवली. पुढं तीच कल्पना आपल्या बैलगाडीखाली आली आणि बैलांच्या मानेवरचा धक्का कमी झाला. ही दोन्ही माणसं वस्तू उघडून बघणारी होती. उघडता येत होती म्हणून बघता आली.

आज काय परिस्थिती आहे? माझ्याकडं फवारणीचा एक बॅटरी पंप आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दीड वर्षात चार्जिंग बंद पडलं. खालची पेटी उघडली तर आतली सर्किटची पाटी काळ्या डांबरासारख्या लुकणात बुजवलेली. कुठली तार कुठं जाते हे कळू नये म्हणूनच जणू. दुकानदार म्हणाला, दादा, नवाच घ्या, हा दुरुस्त होत नसतो. टाकी चांगली, नळी चांगली, मोटर चांगली, आणि हातभर पाटीसाठी सगळा पंप कचऱ्यात. मोटरच्या मोबाईल स्टार्टरची तीच कथा, काही पॉवर वीडरची तीच. आपण अवजार विकत घेतो, पण ते आपल्या मालकीचं होत नाही. भाड्यानं आणल्यासारखं वापरायचं आणि बंद पडलं की कंपनीच्या दारात उभं राहायचं.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचं, ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल काढलं. त्यात चार क्षेत्रं घेतली, आणि त्यातलं एक शेतीची अवजारं आहे. चांगली गोष्ट आहे. पण पोर्टलवर माहिती आली म्हणून तालुक्याच्या दुकानात पार्ट येत नाही. तो येणार आपण मागितला तर. म्हणून माझी विनंती आहे, पुढचं कुठलंही अवजार घेताना, मग ते हजाराचं असो की लाखाचं, दुकानात चार प्रश्न विचारा. हे उघडतं का? उघडायला साधा पाना चालतो का? झिजणारे भाग सुटे मिळतात का, आणि कुठं? आणि आपल्या गावच्या फिटरला हे जमेल का? चारपैकी दोनाला ‘नाही’ आलं तर ते अवजार कितीही स्वस्त असलं तरी महाग आहे.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठं.

आमच्या गावात सायकलवाले तात्या आता एकटे उरलेत. चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. एकेकाळी त्यांच्याकडं तासावर भाड्यानं सायकली मिळायच्या, आम्ही सगळे त्यांच्याच सायकलीवर गुडघे फोडून शिकलो. माझ्या चाकाची आऊट त्यांनी काढली. चष्मा धुरकट, हात थोडा थरथरतो, पण निपलवर चावी ठेवली की थरथर थांबते. स्पोकवर नखानं टिचकी मारून आवाजावरून सांगतात, हा सैल आहे. त्यांच्या हाताखाली कुणी पोरगं नाही. त्यांच्यानंतर आमच्या गावात चाकाची आऊट काढणारा माणूस राहणार नाही.

दुसऱ्या बाजूला बघा. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकली मिळतात. माझ्या भाचीलाही मिळाली. फार चांगली योजना आहे, त्यावर दुमत नाही. पण तिच्या वाडीवर मी गेलो तेव्हा अशा तीन सायकली भिंतीला टेकवून ठेवलेल्या बघितल्या. एकीचं नुसतं पंक्चर, एकीचा कोन सैल, एकीची चेन उतरून अडकलेली. तिन्हींचा मिळून शंभर-दीडशेचा खर्च. वाडीवर दुरुस्त करणारा नाही, तालुका लांब, म्हणून पोरी परत चालत. पाऊस असला की शाळा बुडते. एका सैल कोनापायी!

म्हणून मी काय म्हणतो, सायकल देताना तिच्याबरोबर दोन पाने, पंक्चरचं सामान आणि एक दिवसाचं शिक्षण द्या. शाळेत कार्यानुभवाचा तास असतो, त्यात कागदाची फुलं करण्याऐवजी एक चाक उघडायला लावा. मुलींना आधी शिकवा, कारण सायकल त्यांच्याकडं आहे. आणि शिकवायला बाहेरून तज्ज्ञ आणायची गरज नाही. प्रत्येक पंचक्रोशीत एखादे तात्या अजून आहेत. त्यांना मानधन द्या, खुर्ची द्या, आणि ते आहेत तोवर हे करून घ्या.

आमच्या गावापुरतं आम्ही ठरवलंय. पाऊस उघडला आणि कोळपण्या आटपल्या की एका रविवारी शाळेच्या पटांगणात सगळ्यांनी आपापल्या पडून असलेल्या सायकली आणायच्या. तात्या खुर्चीवर बसून सांगणार, हात पोरा-पोरींचे. छर्रे आणि ग्रीस माझ्याकडून, टायर ज्याचं त्यानं. ज्या सायकली होणार नाहीत त्यांची कोळपी करायची.

तुमच्या गोठ्यात कुठली उभी आहे ते बघा. वरची धूळ पुसा, पुढची पाटी वाचा आणि फोटो टाका. तुमच्या गावात अजून कोण आऊट काढतं त्यांचंही लिहा, म्हणजे शेजारच्या गावाला कळेल.